सातलड्याचा दोरा

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आत्याबाई स्वतःहून कुठल्या प्रदर्शनाला निघाल्याचं मला आठवत नाही. पण 2001 साली निजामाचे दागिने सालारजंग म्युझियममध्ये मांडणार असं कळलं आणि त्यांचं पोस्टकार्ड परभणीला येऊन थडकलं. ‘ये. दोघी मिळून पाहू. पुन्हा कुलपात गेले की गेले.’

कुलपाबद्दल त्या बोलल्या ते खरंच होतं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी 1951 आणि 1952 साली ट्रस्ट करून हे दागिने त्यांच्या हवाली केले आणि ते मुंबईत एका बँकेच्या तिजोरीत जाऊन बसले. 1967 साली निजाम गेले. पुढे विकायची वेळ आली, पण ऐवज देशाबाहेर जाऊ द्यायचा नाही असं सरकारनं ठरवलं. कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली आणि 1995 साली सरकारनं 173 नग 218 कोटींना घेतले. एवढ्या वर्षांत त्यातला एक मणीसुद्धा कुणाच्या अंगाला लागला नाही.

रिक्षानं चादरघाटचा पूल ओलांडला तेव्हा आत्याबाईंनी इरकली पदर डोक्यावरून घेतला होता आणि गळ्यात चिंचपेटी होती. पाहायला जाताना आपण रिकाम्या गळ्यानं जायचं नाही, असा त्यांचा हिशेब.

आत सगळी गर्दी जेकब हिऱ्यापाशी. 184 कॅरटच्या वरचा, छोट्या लिंबाएवढा दगड. सहावे निजाम मेहबूब अली खान यांनी तो जेकब नावाच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचं ठरवलं, पैशावरून 1891 साली कलकत्त्याच्या कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, आणि मग तो त्यांच्या मनातून उतरला. पुढे मुलाला तो वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला म्हणतात, आणि त्यानं तो कागदांवर वजन म्हणून ठेवला. आत्याबाईंनी दोन मिनिटं पाहिलं. “घालायचा कुठं हा? बोटात मावेना, गळ्यात पेलेना,” म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. शिरपेच, बाजूबंद, पाचूंचे हार, कंबरपट्टे, सगळं त्यांनी देवळात प्रदक्षिणा घालावी तसं शांतपणे पाहिलं.

सातलड्यापाशी मात्र त्या थांबल्या आणि हलेनात.

सात पदर, बसरा मोत्यांचे, एकंदर 465 मोती. बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातल्या शिंपल्यांत आपसूक तयार झालेला; बसऱ्याच्या वाटेनं यायचा म्हणून ते नाव. जपानी कल्चर मोती बाजारात आले आणि तो धंदाच बसला. आत्याबाईंच्या भाषेत हे मोती ‘दुधावरच्या सायीच्या रंगाचे’. पांढरेफेक नव्हेतच. जवळून पाहिलं की कुठं गुलाबी झाक दिसायची, कुठं पिवळसर, आणि एक मोती दुसऱ्यासारखा नाही. तरी वरून खाली असे चढत्या मापानं लावलेले की डोळा कुठंच अडखळत नाही. असे जोडीला जोड मोती जमवायला किती वर्षं लागली असतील! मला हिऱ्यापेक्षा हेच राजेशाही वाटलं, आणि आजही वाटतं.

आत्याबाईंची नजर मात्र मोत्यांवर नव्हती. काचेला नाक लागेल इतक्या वाकून त्यांनी राखणदाराला विचारलं, “बाबा, हे गाठवलंय कुणी?”

तो बिचारा गोंधळला. पण प्रश्न अगदी बरोबर होता. मोती राहतो, दोरा राहत नाही. रेशीम घामानं कुजतं, नुसतं पडून राहिलं तरी विरतं. म्हणजे मुंबईच्या त्या तिजोरीतून निघाल्यावर, किंवा त्याच्याही आधी, कुणीतरी पटवेकरी मांडी घालून बसला असणार आणि एकेक मोती ओवत गेला असणार. काचेवर लावलेल्या चिठ्ठीत त्याचं नाव नव्हतं. आत्याबाईंना ते फार लागलं. परतताना त्या पुन्हा पुन्हा तेच बोलत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, “आणि पोरी, ह्यातले दोन-चार मोती आपल्या ज्वारीचे आहेत, हे विसरू नकोस.” परभणी, नांदेड, बीडच्या शेतसाऱ्याचा पैसा निजामाच्याच खजिन्यात जायचा. निजामाचं राज्य संपलं तो 17 सप्टेंबर 1948 चा दिवस त्यांनी हैदराबादेतच पाहिला होता. राग होताच. तरी सातलड्यासमोर त्यांनी हात जोडले होते, हेही मी पाहिलं.

त्यांना दोऱ्याचं इतकं का, हे मला घरी गेल्यावर उमगलं. त्यांची चिंचपेटी सासूबाईंनी चारकमानला घेतलेली, सातशे हाली, म्हणजे निजामी, रुपयांना; इंग्रजी नाण्यात सहाशे कलदार. नणंदेच्या लग्नात ऐन पंगतीत तिचा दोरा तुटला. बारीक बारीक मोती पत्रावळींखाली, लुगड्यांच्या निऱ्यांत, फरशीच्या फटींत. पंगत थांबली, बायका कंदील घेऊन गुडघ्यांवर बसल्या. सगळे सापडले, दोन सोडून. चारकमानच्या पटवेकऱ्यानं दोन नवे घालून पुन्हा गाठवून दिली आणि म्हणाला, “बाई, पेटीत ठेवू नका, अंगावर असू द्या. मोती अंगावरच जिवंत राहतो.” त्या दिवसापासून आत्याबाईंनी ती कधी आठ दिवस सलग काढून ठेवली नाही.

आता ती माझ्याकडे आहे. दर दिवाळीच्या आधी मी ती पटवेकऱ्याकडे नेते. दोरा नवा होतो, मोती तेच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्यांच्या उजेडात ते दोन मोती लगेच ओळखू येतात, बाकीच्यांहून अंमळ पांढरे.