पोराच्या हाताचा हिशेब

क्रिकेट, कबड्डी आणि कॅरम यांच्यापलीकडे आमच्या वस्तीतल्या पोरांची मजल जात नसे. आता काही शाळांतून बेसबॉलचे संघ निघाले आहेत. या खेळात गर्दी कमी, त्यामुळे जिल्हा आणि विभागापर्यंत पोहोचण्याची संधी जास्त, असे शिक्षक सांगतात. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कष्ट करून पोट भरणाऱ्या आईबापांना यात पोराच्या भवितव्याची वाट दिसली, तर त्यांना दोष कसा द्यायचा? माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि शाळेच्या बेसबॉल संघात पिचर आहे. त्याच्या निमित्ताने मला जे कळले ते प्रत्येक पालकाला कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज समजा. मोठ्यांच्या खेळात तो ६० फूट ६ इंचांवरून फलंदाजाकडे चेंडू फेकतो. गोलंदाजाला कोपराचा झटका देऊन चेंडू फेकता येत नाही. पिचर मात्र त्याच झटक्यावर वेग काढतो. आणखी एक फरक आहे. क्रिकेटच्या षटकात सहा चेंडू ठरलेले असतात. बेसबॉलमध्ये तीन फलंदाज बाद होईपर्यंत डाव संपत नाही. तो आठ चेंडूंत संपेल, नाहीतर तीस लागतील. त्यामुळे "पोराने चारच डाव टाकले" असे कुणी सांगितले, तर त्याच्या हाताने किती काम केले हे मुळीच कळत नाही.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत एका दिवसात तीन सामने झाले आणि तिन्हींत भाचाच चेंडू टाकत होता. संध्याकाळी ताईकडे गेलो, तर तो डाव्या हाताने भाकरी मोडत होता. विचारले तेव्हा हसून टाळले. ताई आत गेल्यावर हळूच म्हणाला, "मामा, कोपर आतल्या बाजूनं दुखतंय. पण सरांना सांगू नका. विभागाच्या संघात माझं नाव आहे."

दाजींना कळले तेव्हा ते म्हणाले, "जरा बाम चोळून बघू. एवढी स्पर्धा होऊ द्या, प्रमाणपत्र हातात आलं की मग विश्रांतीच विश्रांती." दाजी काही निष्ठुर माणूस नव्हेत. बारा-बारा तास वॉचमनची ड्यूटी करणारा माणूस. अंग दुखते म्हणून काम थांबवायचे असते, हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलेच नाही.

ताईने मात्र ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ती पोराला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारीशेजारी लावून आम्हाला समजावले. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा मऊ पट्टा असतो. तो पक्का होईपर्यंत सगळ्यांत कच्चा भाग तोच. जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला मोठी ओढ बसते. मोठ्या माणसात तिने लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडे बांधणारा दोर, फाटतो. मुलात ती ओढ त्या कच्च्या पट्ट्यावर येते आणि तो सुटू लागतो. खांद्यातही असाच पट्टा असतो. सहा आठवडे चेंडू फेकणे बंद, असा हुकूम झाला. विभागाची स्पर्धा गेली. पोरगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. शिक्षक म्हणाले, "आजकालची मुलं नाजूक झालीत."

खरेच नाजूक झाली आहेत काय? हे पाहण्यासाठी मी मिळेल ते वाचत गेलो. अमेरिकेत हा खेळ गावोगावी आहे. तिथल्या लिटल लीग या मुलांच्या संघटनेने २००७ साली डाव मोजणे सोडून फेकलेले चेंडू मोजायला सुरुवात केली. ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, ११-१२ वर्षांच्या मुलाला ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्या मुलाला ९५, यापुढे परवानगी नाही. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले, तर पुढचे चार दिवस त्याने पिचर व्हायचे नाही. आमच्या भाच्याने तीन सामन्यांत किती टाकले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हे आकडे उगाच आलेले नाहीत. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ साली, शस्त्रक्रिया करावी लागलेल्या आणि न लागलेल्या तरुण पिचरांची तुलना प्रसिद्ध केली. सामन्यात सरासरी ८० हून अधिक चेंडू टाकणाऱ्यांत शस्त्रक्रियेचा धोका सुमारे ४ पट आढळला. वर्षातले ८ महिन्यांहून अधिक काळ पिचिंग करणाऱ्यांत ५ पट. आणि हात थकलेला असूनही नेहमी टाकत राहणाऱ्यांत ३६ पट! नाजूकपणाचा येथे संबंध नाही. थकलेल्या हाताला थांबू दिले नाही, हे खरे कारण.

शस्त्रक्रिया करून घेऊ, असेही कुणी म्हणेल. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या नामांकित पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातील स्नायुबंध बसवला. १९७६ साली तो मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याचेच नाव या शस्त्रक्रियेला पडले. पण पूर्ववत खेळायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आपल्या घरात तो खर्च आणि तो काळ कोण सोसणार?

जपानची गोष्ट मला अधिक जवळची वाटली, कारण तिथेही सहन करण्याचेच कौतुक होते. कोशिएन येथील शालेय स्पर्धा म्हणजे तिथला राष्ट्रीय सोहळा. १९९८ साली तेथे दाइसुके मात्सुझाका या मुलाने १७ डावांच्या एकाच सामन्यात २५० चेंडू टाकले आणि तो देशाचा वीर ठरला. २०१९ साली इवाते प्रांताच्या ओफुनातो शाळेत रोकी सासाकी नावाचा पिचर होता. कोशिएनला जाण्यासाठी एकच सामना जिंकायचा राहिला होता. पण त्याच आठवड्यात त्याने एका सामन्यात १९४ आणि दुसऱ्यात १२९ चेंडू टाकले होते. प्रशिक्षकांनी त्याला अंतिम सामन्यात खेळवलेच नाही. शाळा २-१२ अशी हरली. संतापलेल्या लोकांनी शाळेत फोन करून जाब विचारला. पण २०२० पासून जपानच्या शालेय संघटनेने एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. आणि सासाकीने एप्रिल २०२२ मध्ये, वयाच्या २० व्या वर्षी, व्यावसायिक सामन्यात ओळीने २७ फलंदाजांना पहिल्या तळावरही पोहोचू न देता बाद केले. पुढे दुखण्यांनी त्यालाही गाठले. मोजदाद केली म्हणजे दुखापत होणारच नाही, असे नाही. पण मुलाच्या हातावर किती भार पडला हे माहीत तरी असते.

मी पेशाने कारकून. जे नोंदवहीत नाही ते झालेच नाही असे धरले जाते, हे मी रोज पाहतो. म्हणून ताईला एक दोनशे पानी वही दिली. तारीख, सामना, टाकलेले चेंडू, विश्रांतीचे दिवस, दुखणे, असे पाच रकाने. चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरपी, एवढीच विद्या लागते. ताई चौथीपर्यंत शिकलेली. भाचा पुन्हा खेळू लागल्यावर ती मैदानाच्या कडेला बसून रेघा मारू लागली. पहिल्यांदा शिक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. आता तेच मध्येमध्ये विचारतात, "बाई, किती झाले?" दुसरा पिचरही त्यांनी तयार करायला घेतला आहे.

हमालांना पोत्याचे वजन ठरवून घेण्यासाठी झगडावे लागले. कामगाराला कामाचे तास मोजून घेण्यासाठी झगडावे लागले. मूल मात्र झगडत नाही. ते संघासाठी, सरांसाठी, आईबापांच्या आशेसाठी मुकाट्याने टाकत राहते. म्हणून त्याच्या वतीने मोजणे आपले काम आहे.

तेव्हा माझी पालकांना विनंती आहे. मूल शाळेकडून खेळत असेल आणि क्लबकडूनही, तर दोन्हींची बेरीज एकाच वहीत करा. वर्षातले काही महिने फेकणे पूर्ण बंद ठेवा. कोपर पूर्ण सरळ होत नसेल, सूज असेल, आतल्या बाजूला दुखत असेल, किंवा वेग आणि नेम अचानक बिघडला असेल, तर त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखणे दाबण्याची गोळी देऊन मैदानात पाठवू नका. प्रमाणपत्र पुढच्या वर्षीही मिळेल. पण त्याच हाताने त्याला उद्या लेखणी धरायची आहे, ओझे उचलायचे आहे, संसार करायचा आहे, हे विसरू नका.