सोमवारचे ब्लॉक

माझ्या ज्या शोधनिबंधाचा दाखला इतरांनी सर्वांत जास्त दिला, त्याचा मुख्य निष्कर्ष चुकीचा होता. आता हे सहज सांगता येतं, कारण निवृत्त माणसाची बढती कोणी अडवू शकत नाही.

निष्कर्ष असा होता की आपल्याकडच्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाची जातच वेगळी आहे. पाश्चात्त्य देशांत दहातल्या सात-आठ गाठींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडतो, म्हणजे त्या गाठी बाईच्या स्वतःच्या संप्रेरकावर पोसल्या जातात. आमच्या नोंदींमध्ये हे प्रमाण निम्म्याच्याही खाली होतं. त्यातलं थोडं खरंही होतं. आपल्याकडे हा आजार सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो आणि तरुण वयातल्या गाठींमध्ये रिसेप्टर कमी वेळा आढळतो. पण वयाचा हिशेब लावूनही बराच फरक उरत होता. तो मी ‘जैविक’ ठरवून मोकळी झाले. परिषदांची बोलावणी येऊ लागली. भारतीय स्त्रीचा वेगळा कर्करोग हा विषय परदेशातल्या श्रोत्यांना आवडायचा, आणि मला परदेश.

चाचणी वरवर सोपी आहे. गाठीचा तुकडा मेणात बसवून ब्लॉक करायचा, त्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यावर अँटिबॉडी सोडायची. रिसेप्टर असेल तर पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, नसेल तर निळी राहतात. त्याआधी फॉर्मालिनने जखडलेली प्रथिनं मोकळी करायला काचा दाबाखाली उकळाव्या लागतात. आम्ही त्यासाठी घरगुती प्रेशर कुकर वापरायचो. तो ‘वैज्ञानिक उपकरण’ आहे हे खरेदी विभागाच्या गळी उतरवताना माझी जेवढी बुद्धी खर्ची पडली, तेवढी त्या निबंधातही पडली नव्हती.

कापात गाठीच्या कडेला बहुतेक वेळा निरोगी स्तनाच्या नलिका असतात. त्यांच्या काही पेशींत रिसेप्टर असतोच, त्यामुळे तिथे तपकिरी रंग दिसायलाच हवा. नलिकाही निळ्याच राहिल्या तर चाचणी फसली असं समजायचं आणि गाठीबद्दल काहीही बोलायचं नाही. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवायचे.

एका संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली असाच एक काप होता. गाठ निळी. कडेला दोन-तीन सुबक नलिका, त्याही निळ्या. मला त्या दिसल्या नाहीत असं म्हणायची सोय नाही, कारण स्लाइड पुढे सरकवून मी पुन्हा त्यांच्यावर आले होते. मग गाठीवर परतले आणि रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहिलं. कंट्रोलची वेगळी स्लाइड छान रंगली होती, तेवढा आधार मला पुरला. पण ती नीट जपलेल्या ऊतीची होती. या बाईच्या गाठीवर प्रयोगशाळेत येण्याआधी काय गुदरलं, ते त्या स्लाइडवरून कळणं शक्यच नव्हतं. चाचणी पुन्हा करायची तर अँटिबॉडी महाग, कामाचा ढीग पडलेला, आणि निगेटिव्ह उत्तर माझ्या सिद्धांतात चपखल बसणारं. तशा स्लाइड पुढे बऱ्याच आल्या. पहिलीपाशी निदान घुटमळले तरी होते.

आमच्या टेक्निशियनला हे माझ्याआधी कळलं होतं. ‘मॅडम, सोमवारच्या ब्लॉकना रंगच धरत नाही,’ तो एकदा म्हणाला. मी त्याला कुकरचं रबर बदलायला सांगितलं. त्याने बदललं. रंग धरेना. तो पुन्हा काही बोलला नाही.

बरीचशी ऑपरेशनं शनिवारी व्हायची. काढलेला अख्खा स्तन न चिरता बरणीत जायचा, वर जेमतेम बुडेल एवढं फॉर्मालिन. ते ऊतीत तासाला साधारण मिलिमीटरभर शिरतं. सोमवारी सकाळी नमुने चिरण्याच्या टेबलावर बरणी उघडेपर्यंत कडा टणक झालेल्या असायच्या आणि मधली गाठ खराब व्हायला लागलेली. बाहेरगावचे नमुने नातेवाईक पिशवीत घालून आणायचे. श्रीखंडाच्या डब्यात, फॉर्मालिनऐवजी सलाइनमध्ये बुडवलेला एक नमुनाही आम्ही सही करून घेतला होता.

डोळे उघडले ते एका बाईच्या दोन अहवालांमुळे. ऑपरेशनआधी दुसऱ्या गावी तिची ट्रू-कट बायोप्सी झाली होती. शेवयीएवढा तुकडा, फॉर्मालिन बघता बघता आरपार जाणारं. तो अहवाल पॉझिटिव्ह होता आणि आमचा निगेटिव्ह. तिच्या सर्जनने फोन केला, ‘मॅडम, कोणाचं खरं धरू?’ मी म्हणाले, ‘आमचं.’ फोन ठेवल्यावर स्लाइड काढून पाहिली. नलिका निळ्या होत्या.

पुढे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं प्रकरण वाचनात आलं. तिथे १९९७ ते २००५ या काळातल्या याच चाचण्या फेरतपासल्या, तेव्हा साडेतीनशेहून अधिक रुग्णांचे निकाल चुकलेले निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांचा चौकशी अहवाल २००९ साली आला. तो वाचताना मला परक्या देशातलं काही वाचतेय असं वाटेना. मी आमचं रजिस्टर काढलं आणि नोंदी वाराप्रमाणे मांडल्या. इतर वारांचे आकडे परदेशी आकड्यांच्या बरेच जवळ होते. सोमवारचे पार तळाला. मी जगाला सांगत फिरत होते तो जैविक फरक आमच्या थिएटरच्या वेळापत्रकातून आलेला होता.

रिसेप्टर निगेटिव्ह म्हणजे टॅमॉक्सिफेन बंद. रोज एक स्वस्त गोळी, पाच वर्षं. रिसेप्टर पॉझिटिव्ह बाईचा या आजाराने मरण्याचा धोका ती सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. माझ्या सहीमुळे काही जणींना ती मिळाली नाही. आम्ही जुने ब्लॉक शोधायला घेतले. काही नातेवाईक घेऊन गेले होते, काही इतके बिघडलेले की दुसऱ्यांदाही उत्तर देईनात. पत्रं पाठवली, त्यातली बरीच पत्ता चुकीचा म्हणून परत आली. ज्या बायका सापडल्या त्यांच्यातल्या काहींना गोळी उशिरा का होईना सुरू झाली, आणि उशिराही तिचा थोडाफार उपयोग होतो. एका पत्राला मुलाचं उत्तर आलं. आई मागच्या वर्षी वारली, आपण आठवणीने कळवलंत त्याबद्दल आभारी आहोत. ते मी कोणाला दाखवलं नाही.

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात कोणी काही केलेलंच नव्हतं. नमुने उशिरा पोचले होते, नलिका नजरेतून सुटल्या होत्या. टेक्निशियनने तो वाचला आणि म्हणाला, ‘मॅडम, सुटल्या कशा? सही तर तुमची आहे.’ मसुदा बदलला. पत्र आतल्या पानावर छापून आलं. मूळ निबंधाचे दाखले त्यानंतरही येत राहिले, पत्राचा दाखला क्वचितच कोणी दिला.

२०१० साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी नियम घालून दिले. ऊती तासाभराच्या आत चिरून फॉर्मालिनमध्ये जावी, तिथे किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावी, आणि नलिका रंगल्या नसतील तर निगेटिव्ह म्हणू नये. शेवटचा नियम वाचून मला फळ्यावरची माझीच आकृती आठवली. आमच्याकडे तेव्हा शनिवारी दुपारी बरण्या उघडायला कोणी थांबायचं यावर सभा चालल्या होत्या. सभांचा निकाल लागेना, म्हणून मीच थांबू लागले. अ‍ॅप्रन, सुरी, आणि प्रत्येक बरणीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी. या कामासाठी कोणत्याही परिषदेचं बोलावणं आलं नाही.

कालांतराने आमचे आकडे वर चढले. एक तरुण सहकारी तक्ता घेऊन लगबगीने माझ्याकडे आला. ‘मॅडम, रिसेप्टर पॉझिटिव्हचं प्रमाण वाढतंय. राहणीमान बदललंय त्याचा परिणाम असणार. यावर निबंध होईल.’ मी त्याला शनिवारी दुपारी यायला सांगितलं.