तक्त्यात न मावलेली नदी

माझा धाकटा भाऊ जर्मनीत स्टुटगार्टला असतो. एका उन्हाळ्यात तो बायकामुलांना गाडीत घालून फ्रान्स, स्वित्झर्लंड, लिख्टेनस्टाइन आणि ऑस्ट्रिया फिरून आला. निघण्याआधी त्याने केलेला तक्ता मला पाठवला होता. कोणत्या गावी किती वाजता पोहोचायचं, मुक्काम कुठे, कोणत्या देशात महामार्गाच्या कराचं स्टिकर काचेवर लावावं लागतं, सगळं त्यात होतं आणि सगळं तसंच घडलं. तो तक्ता समोर ठेवून मी आमच्या प्रवासाचा बेत केला. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत भामरागड, मग सिरोंचा, गोदावरी ओलांडून तेलंगणात कालेश्वरम, पुढे इंद्रावतीचा पूल ओलांडून छत्तीसगडात भोपालपटनम, बिजापूर आणि दसऱ्याला जगदलपूर. येताना कांकेर, धानोरा, गडचिरोली, मूल. तीन राज्यं, एक गाडी. सोबत सत्तरी ओलांडलेली आई, नवरा आणि मुलगी.

आईला बस्तरचा दसरा पाहायचा होता. दंतेश्वरीचा तो उत्सव 75 दिवस चालतो, त्यात रामरावण नाहीत, माणसांनी ओढलेला प्रचंड लाकडी रथ आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. तिची हौस पुरवायची म्हणून मी घाईने कामाला लागले.

माझा जन्म चंद्रपूरचा. 1982 साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तरी आमच्या घरात ‘आपलाच भाग’ असंच म्हटलं जायचं. त्यामुळे मी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्या चुकांच्या मुळाशी हे आहे, असं आज वाटतं. लिख्टेनस्टाइन 160 चौरस किलोमीटरचा देश. गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा, त्यात पाच लक्झेंबर्ग मावतील. आणि मी त्याला वाटेतला टप्पा धरला होता.

नकाशावर मला एक जवळची वाटही सापडली होती. भामरागडहून लाहेरी, तिथून सरळ पूर्वेला नारायणपूर. बोटाने मोजलं तर सिरोंचाचा सगळा वळसा वाचत होता. लाहेरीच्या पुढे नाले आहेत, डोंगर आहेत आणि अबुजमाडचं जंगल आहे. तेव्हा गाडी जाईल असा रस्ता नव्हता. ही वाट मी ‘पर्याय’ म्हणून तक्त्यात लिहिली होती. आमच्या चालकाने ती वाटेत वाचली आणि काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला. “ताई, हे कोणं सांगतलं तुमाले?” कुणीच सांगितलं नव्हतं.

गाडी भाड्याची, पिवळ्या पाटीची. तिचं परमिट फक्त महाराष्ट्राचं होतं, हे आलापल्लीला जेवताना बोलण्यात निघालं. तेलंगणाचा आणि छत्तीसगडचा तात्पुरता परवाना आधी काढून कर भरायला हवा होता. मी दर ठरवला, एसी आहे का विचारलं, परमिट विचारलं नाही. तो बिचारा आम्हाला सिरोंचापर्यंतच जायचंय असं समजून होता.

त्याआधी आष्टी ते आलापल्लीचा रस्ता झाला होता. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक एकामागून एक, रस्ता खचलेला, धुळीत समोरचं दिसत नाही. त्या अंतराला मी तक्त्यात जेवढा वेळ दिला होता, त्याच्या दुपटीहून जास्त लागला. आईची कंबर धरली. ती काही बोलली नाही, फक्त पाणी मागायची. तिच्या वयाकडे पाहून पहिला मुक्काम आष्टीच्या अलीकडेच ठेवायला हवा होता. मी किलोमीटर पाहिले, तिला पाहिलं नाही.

आलापल्लीपुढे पेरमिली, ताडगाव, मग हेमलकसा. बाबा आमट्यांनी 1973 च्या डिसेंबरात सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प. तक्त्यात मी त्याला एक तास दिला होता. आम्ही तिथल्या दवाखान्याशी गेलो तेव्हा झाडाखाली माडिया आदिवासी कुटुंबं बसलेली. कुणी आजारी माणसाला दूरच्या पाड्यावरून चालत, खांद्यावरून आणलेलं. तिथेच चूल, तिथेच मुक्काम. माझ्या मुलीने फोन वर केला आणि एका बाईने पोराला पदराआड घेतलं. मुलीला ओरडण्याचा मला काय अधिकार होता? यादीत ‘पाहण्याची ठिकाणं’ या रकान्यात हे नाव मीच लिहिलं होतं. त्या बाईची मी माफी मागितली. तिला माझी भाषा कळली की नाही कुणास ठाऊक.

संध्याकाळी आम्ही पर्लकोटा नदीवरचा जुना ठेंगणा पूल ओलांडून भामरागडला गेलो. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम तिथे आहे. ओळखीच्या एका शिक्षकांकडे मुक्काम होता. आभाळ मोकळं, ऊन पडलेलं, दसरा तोंडावर. पावसाळा संपला अशी माझी खात्री. चालक म्हणाला, “पानी वाढून राह्यलं जी, आजच मागं फिरू.” मी ऐकलं नाही.

पाऊस भामरागडला पडत नव्हता, तो बस्तरात पडत होता. इंद्रावती तिकडून भरून येते आणि ती दुथडी वाहू लागली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मग वर निरभ्र आकाश असतानाही पूल बुडतो. रात्रीतून तो बुडाला. वीज गेली, फोनची रेंज गेली. पलीकडे जगदलपूरच्या बाजूचं हवामान मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं ते भामरागडचं. ज्या गावाला मी दसऱ्याला निघाले होते, तिथलाच पाऊस मला अडवून बसला होता.

आईच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मी दिवस मोजून घेतल्या होत्या, जास्तीची एक पट्टीही नाही. पाणी उतरेना तेव्हा त्या संपल्या. ही चूक मला अजून झोपू देत नाही. गावातल्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. त्याच रांगेत माझ्यापुढे एक माणूस उभा होता, तापाने फणफणलेलं पोर घेऊन रात्री नाल्यातून वाट काढत आलेला. मला परत जायला गाडी होती, घर होतं, चार दिवसांनी का होईना चंद्रपूर होतं. त्याचं हे दरवर्षीचं होतं. पूल उंच हवा, ही तिथल्या लोकांची मागणी मी वर्तमानपत्रात कितीदा वाचली असेल आणि पान उलटलं असेल.

पाणी ओसरल्यावर पुलावरचा गाळ आणि अडकलेली झाडं काढेपर्यंत थांबलो आणि आलापल्लीहून थेट घरी आलो. सिरोंचा राहिलं, कालेश्वरम राहिलं, जगदलपूरचा रथ राहिला. आईने एका शब्दाने दोष दिला नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत त्याच चालकाला घरी बोलावून, चहा देऊन, बेत त्यालाच करायला सांगितला. त्याने आधी विचारलं, “आजीले एका जागी किती येळ बसवते?” मग फक्त सिरोंचा ठरलं, आलापल्लीला मुक्काम करून. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही, आलापल्लीला टाकी भरायची, रोख पैसे जवळ ठेवायचे, दुप्पट गोळ्या. वाटेत आलापल्लीचं जपून ठेवलेलं जुनं सागवान पाहिलं, कमलापूरचे हत्ती पाहिले, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे आई बराच वेळ बसली. बस्तरचा दसरा तिला अजून पाहायचा आहे. या खेपेला रायपूरपर्यंत रेल्वेने जायचं, पुढे जगदलपूरला गाडी, आणि वाटेत दुसरं काहीही नाही.