खोल दात

झाशीच्या रेल्वे स्थानकाला आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले आहे. परंतु प्रेम नगरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते अजूनही नुसते ‘टेसन’ आहे. रेल्वेच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. माझे चुलत बंधू अण्णा यांनी त्याच कारखान्यात मालगाडीचे डबे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवले आणि निवृत्तीनंतरही ते प्रेम नगर सोडून कोठे गेले नाहीत. इ. स. 1742 मध्ये नारो शंकर झाशीत आले, त्यानंतरच्या कोणत्या तरी पिढीत आमचे पूर्वज इकडे उतरले. वैभव असे कधी नव्हतेच. जे होते त्यातली मोंठच्या बाजूची थोडी जमीन तेवढी अण्णांच्या हाती राहिली आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांच्यापुढे एक साधा व्यावहारिक प्रश्न होता. ट्रॅक्टरचे मागचे टायर झिजले होते. नवे घ्यायचे होते. अण्णांना खोल दातांचे टायर हवे होते. टायरवर तिरपे बसवलेले रबराचे जे जाड उभार असतात, त्यांना ते दात म्हणतात. भातखाचरासाठी आणि उसाच्या ओल्या रानासाठी मिळणाऱ्या टायरचे दात नेहमीच्या दातांपेक्षा दुपटीच्या जवळपास खोल असतात. अण्णांच्या शेतात भातही नव्हता आणि ऊसही नव्हता. गहू, हरभरा, मसूर ही त्यांची पिके. मग हा हट्ट कशासाठी, हे मला उमगेना.

बुंदेलखंडातला शेतकरी जमिनीची चार नावे सांगतो. राकर आणि पडुआ या तांबूस, हलक्या. काबर आणि मार या काळ्या. यांतली मार सर्वांत कसदार आणि सर्वांत अवघड. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, आणि पावसात ती अशी चिकट होते की पाय घातला तर चप्पल तिच्याच पोटात राहते. म्हणूनच पूर्वीचे शेतकरी पावसाळ्यात मार पडीक ठेवीत आणि तिची ओल धरून रब्बीची पेरणी करीत. अण्णांची जमीन मार आहे. डांबरी सडक सोडल्यावर शेतावरच्या घरापर्यंतची वाटही त्याच मातीतून जाते.

मी माझ्या सवयीप्रमाणे युक्तिवाद मांडला. आयुष्यभर साहित्यकृतींची चिकित्सा केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या निर्णयाची चिकित्सा करण्याचा मोह आवरत नाही. मी म्हटले, “अण्णा, तुमचा ट्रॅक्टर वर्षातले बहुतेक दिवस ट्रॉली ओढत मोंठच्या मंडईला जातो. डांबरावर हे खोल दात वाकतील, तापतील, लवकर झिजतील. गाडी हादरेल, तेल जास्त जाईल. चार-सहा दिवसांच्या चिखलासाठी वर्षभराचा भुर्दंड कशाला?”

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, “त्या चार-सहा दिवसांतलाच एक होता तो.”

मी गप्प झालो. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात वहिनी शेतावर होत्या. रात्री त्यांच्या पोटात दुखू लागले. ट्रॉलीत गादी टाकून अण्णा निघाले आणि ओढ्याजवळच्या उतारावर चाके रुतली. पहाटे दुसऱ्या गावचा ट्रॅक्टर येईपर्यंत ते तेथेच होते. दवाखाना गाठला तेव्हा उशीर झाला होता. ही हकिगत मला ठाऊक होती. अंत्यविधीला मी आलोही होतो. पण टायरचा हिशेब मांडताना ती मला आठवली नाही, याची लाज अजून वाटते. सरासरी काढण्यात मी इतका गुंतलो होतो की, त्या एका रात्रीला मी सहज ‘चार-सहा दिवस’ म्हणून गेलो होतो.

संध्याकाळी अण्णांच्या मुलाचा फोन आला. तो कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात राहतो. हिवाळ्यात तिकडे बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल चालवण्याचा त्याला नाद आहे. पुढे दोन घसरत्या पट्ट्या आणि खाली दातेरी रबरी पट्टा, अशी ती गाडी. योगायोग असा की, तोही त्याच प्रश्नावर अडला होता. त्याची गाडी आखलेल्या, दाबून कठीण केलेल्या बर्फवाटांवरची. पट्टा आखूड, 129 इंचांचा, दात एक इंचाचे. त्याला पावणेदोन इंचांचे दात बसवावेत असे वाटत होते.

“मग अडचण कसली?” मी विचारले.

“काका, खोल दात घुसतात खरे, पण पट्टा आखूड असेल तर सैल बर्फात ते गाडीला पुढे नेण्याऐवजी खालचेच बर्फ उकरून काढतात. गाडी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात बसते. डोंगरातल्या गाड्यांना अडीच-तीन इंचांचे दात चालतात. कारण त्यांचे पट्टे दीडशे इंचांहून लांब असतात, वजन पसरते. शिवाय उंच दातांना फिरायला गाडीखाली तेवढी जागा लागते, आणि कठीण वाटेवर ते नुसते वाकत राहतात, वेग खातात.”

त्या रात्री अंगणात खाट टाकून मी जागाच होतो. पुतण्याने बोलता बोलता एक नाव घेतले होते, जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए. त्याच क्वेबेकमधल्या व्हालकूर गावचा हा यंत्रकार, जन्म 1907 चा. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने दगावला. वाटा बर्फाने बुजल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही. बर्फावर चालणारे वाहन करण्याचा ध्यास बोम्बार्डिएला त्याआधीही होता. पण त्यानंतर त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जी जुळणी सिद्ध केली, तिचे पेटंट त्याला 1937 मध्ये मिळाले. सात माणसे बसतील अशी त्याची पहिली वाहने डॉक्टरांच्या उपयोगी पडली. आज मौजेसाठी धावणाऱ्या हलक्या गाड्या 1959 नंतरच्या.

ही गोष्ट अण्णांना सांगावी की नाही, याचा निर्णय मला सकाळपर्यंत होईना. दुःखाला दुःखाची उपमा देणे साहित्यात शोभते. घरात ती जखमेवर बोट ठेवल्यासारखी होते. अखेर सांगितली. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतली. मग कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न विचारला, “मग त्यानं दात खोल केले का?”

“नाही,” मी म्हणालो, “त्याने वजन पसरवले. गाडी रुतूच नये, असे पाहिले.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून झिजलेल्या टायरपाशी गेले. टायरवरच्या दातांची रचना व्हीसारखी असते. टोक आधी जमिनीला टेकते आणि चिखल दोन्ही बाजूंनी बाहेर फेकला जातो. ते दोन दातांमधल्या पोकळीत बोट फिरवत म्हणाले, “त्या रात्री इथं मार गच्च भरली होती. चाक गुळगुळीत झालं होतं. दात आणखी खोल असते, तर आणखी माती भरली असती.” आवाजात कडवटपणा नव्हता; दोन वर्षे मनात घट्ट धरलेले काहीतरी सैल झाल्याचा तो स्वर होता.

मला माझेच काही जुने लेख आठवले. कवितेत खोल शिरण्याच्या हव्यासाने मी तिच्या ओळींमधली मोकळी जागा माझ्याच शब्दांनी भरून टाकली होती, आणि तेथेच फिरत राहिलो होतो. खोली म्हणजेच पकड, हा समज मलाही होताच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. अण्णांनी नेहमीच्याच खोलीचे दात निवडले; पण 13.6 इंचांऐवजी 14.9 इंच रुंदीचे टायर घेतले. रिमला ते बसतात की नाही, हे दुकानदाराकडून दोनदा तपासून घेतले. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवायची, आधी भरलेले पाणी काढून टाकायचे, म्हणजे चाक चापट बसेल आणि वजन हलके राहील, हेही ठरले. आणि पावसापूर्वी ओढ्याजवळच्या त्या उतारावर खडी टाकायची. झाशीच्या आसपास खडीच्या दगडाला तोटा नाही. इतकी वर्षे ती का टाकली नाही, हे त्यांनी स्वतःला मोठ्याने विचारले नाही. मीही विचारले नाही.

माझ्या परतीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन आला. टायरची बातमी सांगून झाल्यावर अण्णांनी विचारले, “तुझ्या पट्ट्याचं काय केलंस?”

“सव्वा इंचावर थांबलो, बाबा. माझी वाट कठीण बर्फाची आहे.”

“बरं केलंस,” अण्णा म्हणाले. फोन ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबून त्यांनी एवढेच जोडले, “आणि एकटा जात जाऊ नकोस.”