अमरावतीची फेरी

बारावीच्या निकालानंतर आम्ही वाशिमहून सकाळची एसटी धरली. सोबत दोन विद्यार्थिनी, एकीचे अब्बा आणि कागदपत्रांची पिशवी. मंगरूळपीर, कारंजा मागे पडेपर्यंत मुली उर्दूत तयार केलेली मुलाखतीची उत्तरं मराठीत म्हणून पाहत होत्या.

अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेल्या विदर्भ महाविद्यालयाचं आवार पाहिलं. वसतिगृहाच्या चौकशीची वेळ आली, तेव्हा अब्बा म्हणाले, "सर, तुम्हीच विचारा." आम्ही मुद्दाम गप्प राहिलो. शेवटी त्यांच्या मुलीनेच विचारलं, "मॅडम, संध्याकाळी फाटक किती वाजता बंद होतं?"

अब्बा हळूच म्हणाले, "माशाअल्लाह, बोलते की!"

निघण्याआधी दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते जरूर पाहा. पण तिथे पोहोचल्यावर मुलीलाच बोलू द्या.