त्र्यंबक रस्त्यावरची धाव

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर अजून पुरतं उजाडलेलं नसतं, तेव्हाच धावणाऱ्या पावलांची लय ऐकू येऊ लागते. कानटोपी घातलेले आजोबा, पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं, त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या वाफा. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल १९१० साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेला तो कोवळा मुलगा. इथे रणजीचे सामने होतात तेव्हा गर्दी लोटते, पण मला हे मैदान भावतं ते या पहाटेच्या धापांसाठी.

इथून त्र्यंबक रस्त्याने पश्चिमेला निघावं. घरं विरळ होतात आणि अंजनेरी समोर येतो. आषाढात त्याचा माथा दिवसदिवस दिसतच नाही. ढग उतरून खांद्यावर बसतात, काळ्या कातळावरून पांढऱ्या धारा सुटतात, पायथ्याच्या खाचरांत गुडघाभर चिखलात भाताची आवणी चाललेली असते. पुढे ब्रह्मगिरी, गोदावरीचं उगमस्थान. त्याच्याही पलीकडे हरसूलच्या बाजूचे पाडे. तिथे सपाट अशी वाटच नाही. पाण्याला जायचं तरी उतार, हंडा घेऊन परतायचं तर चढ.

त्याच बाजूच्या सावरपाड्याची कविता राऊत. अनवाणी धावू लागलेली ही मुलगी नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली घडली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या, म्हणजे पंचवीस फेऱ्यांच्या शर्यतीत तिने कांस्य जिंकलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून आपण तिला डोक्यावर घेतलं.

पण त्या अनवाणी पायांचं आपण फार कौतुक करतो, आणि ते मला खुपतं. डोंगराने तिला दमसास दिला, हे खरंच. पदक मात्र गुरूने दिलं, पोटभर सकस खाण्याने दिलं, आखलेल्या ट्रॅकने दिलं. चढावर हंडा वाहणाऱ्या किती पोरींचा दमसास त्या चढावरच संपला असेल!

म्हणून नाशिककरांनो, जिल्ह्यात पुढचा चांगला ट्रॅक बांधायची वेळ येईल तेव्हा तो शहरात मागू नका. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरपायथ्याशी मागा, आणि त्यासोबत तिथेच राहणारा एक प्रशिक्षकही मागा.