चौकटीवरच्या रेघा

आमचे घर दिग्रसला आहे. दर ईदला अम्मी आम्हां दोघा भावांना दाराच्या चौकटीपाशी उभे करी आणि डोक्याच्या उंचीवर कोळशाने रेघ ओढी. माझ्या रेघा वर चढत गेल्या. धाकट्या मुन्नाच्या दोन वर्षांच्या रेघा मात्र जवळजवळ एकीवर एक आल्या. तो नऊ वर्षांचा होता, पण सहाचा दिसे.

शेजारचे चाचा म्हणाले, "झाडाला लोंबकळ, उंच होशील." झाले! मुन्ना रोज सकाळी अंगणातल्या कडुनिंबाला लोंबकळू लागला. हाताला घट्टे पडले, तरी सोडीना. खाली उतरला की थेट चौकटीपाशी धावे. आम्ही हसायचो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

२००३ च्या पावसाळ्यात त्याचा चेहरा सुजू लागला. अब्बांनी त्याला यवतमाळला नेले. मीही गेलो. रक्त तपासल्यावर कळले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. लघवीच्या मार्गात जन्मापासून एक पातळ पडदा होता. त्यामुळे लघवी तुंबे आणि मूत्रपिंडांवर ताण येई.

मी तेव्हा नववीत होतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, हे वाचले होते. मोठ्या ऐटीत म्हणालो, "डॉक्टरसाहेब, याची ती ग्रंथीच बिघडली असेल. वृद्धी संप्रेरक कमी पडले, की मूल ठेंगणे राहते."

डॉक्टर म्हणाले, "शंका चांगली आहे, पण याची ग्रंथी काम करते. या आजारात रक्तातले ते संप्रेरक कमी नसते, कधी जास्तच असते. असे समज, मनीऑर्डर रोज येते. पण यकृत ती पुरती वटवत नाही. वटवून जो वाढीचा पदार्थ तयार होतो, त्यालाही काही प्रथिने धरून ठेवतात. ती प्रथिने बाहेर टाकायची कोणी? मूत्रपिंडांनी! शिवाय रक्तात आम्ल साठते, भूक मरते, हाडे कच्ची राहतात."

इलाज होता. आधी शस्त्रक्रिया, मग सोड्याच्या गोळ्या आणि नीट आहार. तेवढ्याने भागले नाही, तर संप्रेरकाची इंजेक्शने.

"रक्तात ते आहेच, तर आणखी कशाला?" मी विचारले.

"मोठी रक्कम पाठवली, की थोडी तरी हाती लागते."

पूर्वी हे संप्रेरक मृत माणसांच्या ग्रंथींतून काढत. १९८५ पासून ते जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मिळू लागले. अशा मुलांना ते देण्यास अमेरिकेत १९९३ मध्ये मंजुरी मिळाली. किंमत ऐकून अब्बा मात्र बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

इंजेक्शने झाली नाहीत. तीन वर्षांनी मुंबईला अम्मीने आपले एक मूत्रपिंड मुन्नाला दिले. पुढच्या ईदला रेघ चार बोटे वर गेली. मुन्ना आज माझ्या खांद्याला लागतो. मागे घराला रंग दिला, तेव्हा अम्मीने ती चौकट रंगवू दिली नाही.